लहान शहराचा भूगोल आणि माणसं कशी नोंदवावीत: वाईचं उदाहरण

लहान शहरांवरच्या बहुतेक पुस्तिका, स्मरणिका आणि शाळेचे प्रकल्प देवळापासून सुरू होतात. मग वाडे, मग थोर व्यक्ती, आणि शेवटच्या पानावर ‘भौगोलिक माहिती’ म्हणून क्षेत्रफळ, लोकसंख्या, पिनकोड. हे सगळं वाचूनही नळाला पाणी कुठून येतं, पूर कुठल्या आळीत आधी शिरतो, कोणत्या घरातलं कोण मुंबईला आहे, यातलं काहीच कळत नाही. क्रम उलटा ठेवा. आधी पाणी आणि उतार, मग रस्ते आणि वस्ती, मग माणसं. देवळं आणि वाडे त्या ओघात येतातच, आणि ते नेमके तिथेच का बांधले हेही मग सांगता येतं.

खाली सातारा जिल्ह्यातलं वाई उदाहरणाला घेतलं आहे, पण पद्धत कोणत्याही तालुक्याच्या गावाला चालेल. दोन-तीन जणांच्या गटाने एक पावसाळा आणि एक उन्हाळा धरून वर्षभराचा वेळ ठेवावा. दोन महिन्यांत उरकायला गेलात तर नदीचं एकच रूप हाती लागेल.

आधी हद्द ठरवा

‘वाई’ हे नाव चार वेगवेगळ्या गोष्टींना लागतं: जुनं गावठाण, नगरपरिषदेची हद्द, तालुका आणि विधानसभा मतदारसंघ. मतदारसंघात तर खंडाळा आणि महाबळेश्वर तालुकेही येतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३६ हजार आहे, तालुक्याची दोन लाखांच्या आसपास. हे आकडे एकमेकांच्या जागी पडलेले लेख भरपूर सापडतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका की आपण नगरपरिषद हद्दीची नोंद करतो आहोत, आणि पुढे जिथे हद्दीबाहेर जाल तिथे प्रत्येक वेळी त्या गावाचं नाव द्या.

मेणवलीचं उदाहरण बघा. नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ती मोठी घंटा सर्रास ‘वाईत’ म्हणून सांगितली जाते. मेणवली हे वाईच्या वरच्या अंगाला नदीकाठी असलेलं वेगळं गाव आहे. बावधन, पसरणी, ओझर्डे हीही वेगळी गावं. शहराला चिकटून वाढलेल्या वस्त्यांची घरपट्टी ग्रामपंचायतीत भरतात की नगरपरिषदेत, एवढं विचारलं की हद्द कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं.

नकाशा: कोणता, कुठून, त्यावर काय करायचं

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा घ्या. वाईसाठी जुन्या क्रमपद्धतीत तो ४७ जी/१३ आहे. महाबळेश्वर शेजारच्या ४७ जी/९ वर येतं. विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर नाव नोंदवून पीडीएफ उतरवता येते, पण तिथे नवी क्रमपद्धती असल्याने क्रमांकापेक्षा गावाच्या नावाने शोधणं सोपं जातं. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला की प्रमाण बदलतं आणि पुढची सगळी अंतरं चुकतात. छापल्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर येतो का, हे नकाशावरच्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी ठेवून तपासा.

आता ट्रेसिंग पेपर ठेवून तीनच गोष्टी उतरवा: नदी-ओढे निळ्याने, दर १०० मीटरची समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, तपकिरीने, रस्ते काळ्याने. एवढ्यानेही वाईचा आकार दिसू लागतो. पश्चिमेकडून कृष्णा येते, उत्तरेला पांडवगड, दक्षिण-आग्नेयेला वैराटगड, पश्चिमेला धोमच्या जलाशयापलीकडे कृष्णा आणि वाळकी यांच्या मधल्या डोंगरावर कमळगड, आणि या सगळ्यांच्या मधल्या सपाटीत गाव.

त्यानंतर एक उभा छेद काढा, म्हणजे एका सरळ रेषेवर जमीन कशी चढते-उतरते त्याचा आलेख. वाई ते पाचगणी ही रेषा उत्तम. सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे कागदावर साधारण २० सेंटिमीटर. वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या आसपास. उभं प्रमाण एक सेंटिमीटरला १०० मीटर धरलं तर सहा सेंटिमीटर उंची लागते आणि आलेख ए-फोर कागदावर आडवा बसतो. आडवं प्रमाण सेंटिमीटरला ५०० मीटर आहे, त्यामुळे उंची पाचपट ताणलेली दिसते. ‘उभं प्रमाण ५ पट’ हे आलेखाखाली लिहिलंच पाहिजे, नाहीतर पसरणीचा घाट म्हणजे सरळ उभी भिंत असं वाचणाऱ्याला वाटतं. छेदावर खडक आणि माती लिहा: खाली नदीच्या खोऱ्यात काळी माती, मध्ये बेसॉल्टचे थर, माथ्यावर पाचगणीच्या टेबललँडची जांभ्याची टोपी.

गावाच्या आतला उतार मात्र या नकाशावर मिळणार नाही. समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने असतात आणि अख्खं गावठाण दोन रेषांच्या मध्ये बसतं. मोबाइलवरच्या उंचीच्या आकड्यावरही विसंबू नका, त्यात दहा-वीस मीटरची चूक सहज असते. खात्रीचा मार्ग म्हणजे जूनमधला पहिला जोराचा पाऊस. नगरपरिषदेकडच्या शहर नकाशाची प्रत घेऊन निघा आणि प्रत्येक चौकात पाणी कोणत्या बाजूला वाहतं त्याचा बाण काढत चला. अर्ध्या दिवसात जे कळतं ते कोणत्याही कागदावर नाही. बाण जिथे एकमेकांसमोर येतात तिथे पाणी तुंबतं, आणि तिथले दुकानदार उंबरा किती इंच वाढवला ते न विचारता सांगतात.

नदी

डावा काठ, उजवा काठ हा घोळ आधी मिटवा. प्रवाह जातो त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला तो डावा काठ. जुनी वाई कृष्णेच्या डाव्या काठावर आहे. पाचगणीकडून उतरताना पूल ओलांडून गावात शिरावं लागतं, म्हणून पाहुण्यांच्या लेखात हे हमखास उलटं होतं.

घाटांची नोंद आळीवार करा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी, या सात आळ्यांना आपापला घाट आहे आणि आपापला कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव आहे. प्रत्येक घाटासाठी हे टिपा: पायऱ्यांची संख्या, दहा पायऱ्या मोजून काढलेली एका पायरीची सरासरी उंची, त्या दिवशी कितव्या पायरीवर पाणी होतं, आणि पुराची खूण कुठे आहे. खूण दोन वेगळ्या माणसांकडून, एकमेकांच्या माघारी दाखवून घ्या. दोघांच्या खुणेत एका पायरीपेक्षा जास्त फरक आला तर दोन वेगळे पूर असतात. वर्ष विचारा, भांडण मिटतं.

पाण्याची पातळी लिहिताना तारीख आणि वेळ नसेल तर ती नोंद फुकट आहे. वरच्या अंगाला धोम धरण आहे, साठा सुमारे साडेतेरा टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. घाटावरचं पाणी आता पावसाइतकंच धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरतं. पाटबंधारे खात्याचा विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. तोच आकडा पातळीशेजारी लिहून ठेवला तर चार-पाच नोंदींनंतर ‘इतकं सोडलं की अमुक पायरी बुडते’ असं गावाला उपयोगी पडणारं कोष्टक तयार होतं.

नदीने बांधकाम कसं घडवलं हे बघायचं तर ढोल्या गणपतीच्या देवळामागे जा. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकाला निमुळती आहे. पुराचा लोंढा तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. लोक पुढून मूर्ती पाहून परततात. मागची भिंत मोजून, तिचं टोक प्रवाहाच्या कोणत्या बाजूला आहे ते होकायंत्राने पाहून आकृती काढा.

नगरपरिषदेच्या विकास आराखड्यावर पूररेषा असतात: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. तुमच्या पायऱ्यांच्या खुणा त्यावर ठेवून बघा.

पाऊस

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पावसाचं महाबळेश्वर रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरवर आहे, आणि वाईत मात्र पाऊस हजार मिलिमीटरच्या आत. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात, आणि पूर्वेला उतरताना हवा तापून कोरडी होत जाते. म्हणून जिल्ह्याची सरासरी वाईला लावू नका. तिच्यात महाबळेश्वरही आहे आणि माण-खटावचा दुष्काळी पट्टाही. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळवार रोजचा पाऊस मिळतो, तो घ्या. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा आदल्या चोवीस तासांचा असतो, हे विसरलं की पुराची तारीख आणि पावसाची तारीख जुळत नाही.

विहिरींची पातळी ऑक्टोबरमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा मोजा. दोरीला वजन बांधा, काठाच्या एकाच खुणेपासून मोजा, आणि पंप बंद करून निदान दोन तास झालेले असू द्या.

रस्ते आणि रहदारी

वाईला रेल्वे नाही. पुणे-मिरज मार्गावरचं वाठार हे स्टेशन पूर्वी महाबळेश्वरला जाणाऱ्यांचं उतरायचं ठिकाण होतं आणि तिथून टांगे वाईवरून जात. आज पुणे-सातारा महामार्गावरच्या सुरूर फाट्यावरून वाहनं आत वळतात. गाव पाचगणीच्या पायथ्याशी आणि मांढरदेवच्या घाटाच्या तोंडाशी असल्याने त्याच्यातून जाणारी रहदारी त्याच्या स्वतःच्या रहदारीपेक्षा वेगळी मोजावी लागते. चौकात पंधरा मिनिटं उभं राहून दुचाकी, मोटार, एसटी, ट्रॅक्टर अशा रेघा मारा; एकदा मंगळवारी किंवा बुधवारी, एकदा मे महिन्यातल्या शनिवारी, एकदा उसाच्या गाळपाच्या दिवसांत. भुईंजच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या फक्त तिसऱ्या वेळी दिसतील. एका दिवसाच्या मोजणीला ३६५ ने गुणून वर्षाचा आकडा काढणं चूक.

माणसं: आधी कागद

जनगणनेची ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ ऑनलाइन मिळते. त्यातून शहरासाठी वॉर्डवार लोकसंख्या, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वयोगट, साक्षर, आणि काम करणाऱ्यांचे चार गट घ्या: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. ‘इतर’ हा गट शहरात सगळ्यात मोठा निघतो आणि त्यात शिक्षक, रिक्षावाला, बँकेतला कारकून, वडापाववाला सगळे एकत्र असतात; म्हणून तिथे थांबून चालत नाही. साक्षरतेचा टक्का काढताना भागाकार सात वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येने करायचा, एकूण लोकसंख्येने केला तर टक्का कमी येतो.

२००१ मध्ये ३१ हजारांच्या आसपास, २०११ मध्ये ३६ हजारांच्या आसपास. दहा वर्षांत सुमारे १६ टक्के वाढ. हाच दर पुढे ओढून आजची लोकसंख्या ‘सांगू’ नका. पुढची जनगणना २०२७ ची आहे. तोवर जो आकडा द्याल त्यापुढे ‘२०११’ लिहा. जनगणनेनंतर हद्द वाढली आहे का, वॉर्डरचना बदलली आहे का, हेही नगरपरिषदेत विचारून घ्या, नाहीतर जुन्या वॉर्ड तीनची तुलना नव्या वॉर्ड तीनशी होते आणि ती दोन वेगळी ठिकाणं असतात.

जुन्या काळासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८५ चा एकोणिसावा, सातारा खंड पाहा. अंतरं, बाजार, देवळं, तेव्हाची घरं यांसाठी तो फार कामाचा आहे. जातीजमातींच्या स्वभावाबद्दल त्यात जी विधानं आहेत ती त्या काळच्या अधिकाऱ्यांची मतं आहेत. ती माहिती म्हणून उतरवू नका.

नगरपरिषदेकडून काही मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘वाई शहराची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज परत येतो. ‘विकास आराखड्यातील विद्यमान जमीन वापर नकाशाची प्रत’ असं नेमकं मागा. तो नकाशा मिळाला तर निम्मं काम झालं, कारण घर, दुकान, शाळा, शेत सगळं त्यावर वेगळ्या रंगात असतं.

मग प्रत्यक्ष माणसं

बोलायला कोणाकडे जाता यावर नोंदीचा तोल ठरतो. सगळ्या लेखांत तेच पाच-सहा मान्यवर येतात. यादी करताना प्रत्येक आळीतून, शिवाय सोनगीरवाडीसारख्या पलीकडच्या काठावरच्या वस्तीतून किमान चार जण ठेवा आणि त्यात निदान दोन बायका असाव्यात. पाणी भरणं, धुणं, बाजार, शेजार याबद्दलचं ज्ञान त्यांच्याकडे आहे. सफाई कामगार, भाजीवाल्या, गुरव, नावाडी असलेल्या घरातली जुनी माणसं, एसटीचे निवृत्त वाहक, टपाल वाटणारे यांना गल्लीन्‌गल्ली माहीत असते. पोस्टमनकडून आळ्यांची आणि चौकांची बोलीतली नावं मिळतात, जी पाटीवर कधीच नसतात.

‘पूर्वी कसं होतं?’ असा प्रश्न विचारू नका, त्याला ‘पूर्वी चांगलं होतं’ एवढंच उत्तर येतं. ‘तुमच्या लग्नाच्या वेळी पाणी कुठून आणत होतात?’, ‘या घराच्या जागी आधी काय होतं?’ असं विचारा. वर्ष आठवत नसेल तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेशी जोडा: ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, धोम धरणाचं काम. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ या एका प्रश्नाने दहा वर्षांची चूक दोन वर्षांवर येते.

काही गोष्टी जपून विचाराव्या लागतात. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये सातारा जिल्ह्यात झालेल्या जाळपोळीने अनेक ब्राह्मण कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली. जुन्या आळ्यांची वस्ती बदलण्यामागे हे एक कारण आहे, आणि ते गाळलं तर नकाशा अपुरा राहतो. विषय सांगणाऱ्याने काढला तरच पुढे जा, चारचौघांत विचारू नका, घरांची किंवा माणसांची नावं छापू नका. धरणामुळे उठलेल्या वस्त्यांबद्दलही हीच काळजी घ्या. जात विचारून तक्ता करण्याचा मोह टाळा. आळीचं नाव, व्यवसाय आणि कुटुंब इथे केव्हा आलं, एवढ्यातून वस्तीचा इतिहास नीट कळतो.

बाहेर गेलेल्या माणसांसाठी वहीत वेगळा रकाना ठेवा. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात पिढ्यान्‌पिढ्या माणसं गेली. जनगणना माणसाला जिथे सापडेल तिथे मोजते, त्यामुळे घर वाईत, माणूस नवी मुंबईत असेल तर तो आकड्यात दिसत नाही. यात्रेला मात्र तो हटकून येतो. म्हणून सणवारांची नोंद तिथी आणि तारीख दोन्ही लिहून करा: पौष पौर्णिमेला मांढरदेवची काळूबाई, फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला, बावधनचं बगाड, आणि हिवाळ्याच्या अखेरीला आळीपाळीने होणारे कृष्णाबाईचे उत्सव. या दिवसांत कोणतीही मोजणी करू नका, आणि मुलाखती मात्र याच दिवसांत घ्या, कारण तीन पिढ्या एका ओसरीवर असतात.

संस्थांबद्दल लिहिताना कोणी काढली यापेक्षा आज तिथे काय चालतं ते आधी बघा. नारायणशास्त्री मराठे, पुढे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा, तिच्यातून आलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि त्यांच्या संपादनाखाली इथून निघालेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ चा, ही साखळी समजल्याशिवाय एवढ्याशा गावात एवढं मोठं काम का उभं राहिलं हे उलगडत नाही. त्या संस्थेत कोण नोकरीला होतं, छपाई कोणी केली, कागद कुठून आला, हेही विचारा. गावातली बरीच घरं त्या उत्तरांत येतील.

मजकूर तयार झाला की छापण्याआधी प्रत्येक आळीत त्या-त्या आळीचं पान वाचून दाखवा. नावांचं शुद्धलेखन, पायऱ्यांचे आकडे आणि पुराची वर्षं तिथेच दुरुस्त होतात. ज्यांनी माहिती दिली त्यांना आपलं नाव हवं की नको हे पुन्हा विचारा, कारण बोलताना दिलेला होकार छापील पान पाहिल्यावर बदलू शकतो. शेवटच्या पानावर माहिती गोळा केल्याचे महिने आणि वर्ष टाका, एक प्रत गावातल्या वाचनालयात द्या, आणि पायऱ्या-पातळीची मूळ वही वेगळी बांधून तिथेच ठेवा. पुढच्या पुरानंतर कोणी तरी ती पुढे चालवायला घेईल तेव्हा पुस्तिकेपेक्षा तीच लागणार आहे.